पाळण्यांचा सूड

ऑफिसात बिल्ड फेल झाला की माझ्या शेजारी बसणारा सहकारी ‘ताबरनाक!’ म्हणतो. सर्व्हरच झोपला तर ‘ओस्ती द कालीस द ताबरनाक!’ अशी अख्खी मालगाडी सुटते. मॉन्ट्रियलला आलो तेव्हा मला वाटायचं, असतील आपल्यासारख्याच आईबहिणीवरच्या शिव्या. एकदा अर्थ विचारला. ताबरनाक म्हणजे चर्चच्या वेदीवरचं छोटं कपाट, ज्यात मिस्साची पवित्र भाकर ठेवतात. ओस्ती म्हणजे ती भाकर. कालीस म्हणजे द्राक्षारसाचा पेला. म्हणजे लोकलमध्ये कुणी पायावर पाय दिला की आपण ‘गाभारा! समई! तीर्थाची पळी!’ असं ओरडण्यासारखं आहे हे. आणि ही शिवी देणारा माझा सहकारी आयुष्यात चारदा चर्चमध्ये गेलाय. त्यातल्या तीन वेळा कुणीतरी वारलं होतं.

ज्यांच्या शिव्यासुद्धा देव्हाऱ्यातून आल्या, ते लोक एका पिढीत देव्हाऱ्यासमोरून उठून गेले कसे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. कॅनडाचा क्वेबेक प्रांत म्हणजे ‘श्रद्धा गेली की काय होतं’ या वादातलं लाडकं उदाहरण. धार्मिक मंडळी म्हणतात, बघा, चर्च रिकामी झाली आणि पाळणेही रिकामे झाले. नास्तिक मंडळी म्हणतात, बघा, माणसं मोकळी झाली. मी दोन्ही बाजूंचे व्हिडिओ भरपूर पाहिले. मग कंटाळून इतिहास वाचायला लागलो.

वाचायची जागाही योगायोगाने तशीच मिळाली. मी इथे शिकायला आलो ते कॉन्कॉर्डिया विद्यापीठात. या विद्यापीठाने २००७ मध्ये ‘ग्रे नन्स’ या सिस्टरांच्या संघाचा जुना मठ विकत घेतला. त्यातल्या प्रार्थनाघराची २०१४ पासून अभ्यासिका झाली आहे. उंच छत, रंगीत काचा, आणि खाली लॅपटॉप चार्ज करायला सॉकेट. परीक्षेच्या दिवसांत जागा मिळत नाही. जिथे तरुण मुलींनी आयुष्यभराच्या शपथा घेतल्या, तिथे मी रिकर्जनचे असाइनमेंट उरकले. मला तेव्हा काही वाटलं नाही, हे कबूल करतो. नंतर वाटलं.

आता थोडं मागे जाऊ. १७६३ च्या पॅरिस तहाने फ्रान्सने कॅनडातली ही वसाहत इंग्रजांना देऊन टाकली. तेव्हा इथे फ्रेंच बोलणारे जेमतेम सत्तर हजार लोक होते. राज्य प्रॉटेस्टंट इंग्रजांचं, व्यापार त्यांचा, आणि फ्रान्सहून नवी माणसं येणं बंद. साधा हिशेब मांडला तर ही भाषा दोन-तीन पिढ्यांत संपायला हवी होती. ती संपली नाही. १९६१ च्या जनगणनेत क्वेबेकमध्ये बावन्न लाखांवर माणसं होती आणि त्यातली दहात आठ फ्रेंच. शिवाय मधल्या काळात नऊ लाखांच्या आसपास लोक अमेरिकेतल्या कापडगिरण्यांत वगैरे निघून गेले होते, ते वेगळेच. या वाढीला इथे एक नाव आहे, ‘पाळण्यांचा सूड’. रणांगणावर हरलेल्यांनी घराघरात काढलेला वचपा.

या शब्दांची गंमत अशी, की ते रूढ झाले विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे जन्मदर आधीच घसरायला लागला होता तेव्हा. त्याआधी दीडशे वर्षं बायकांना बारा-बारा मुलं होत होती ती कुणाचा सूड म्हणून नव्हे. जमीन भरपूर होती, लग्नं लवकर होत होती आणि थांबायचा उपाय हाताशी नव्हता. घोषणा बहुतेक वेळा गोष्ट हातातून निसटायला लागली की जन्माला येते.

पण चर्चचं काम फक्त घोषणेचं नव्हतं. वसईकडचे ख्रिस्ती लोक ज्याला धर्मग्राम म्हणतात, तो पॅरिश हा इथला खरा कणा होता. शाळा चर्चची, इस्पितळ चर्चचं, अनाथालय चर्चचं, गावातली पतपेढीसुद्धा फादरच्या आशीर्वादाने चालायची. आणि जन्म, लग्न, मरण या तिन्हींची सरकारी नोंद म्हणजे फादरची वही. ती दोन प्रतींत लिहायची. एक चर्चमध्ये राहायची, दुसरी कोर्टात जायची. बॅकअपची ही शिस्त बघून मला त्या फादरांविषयी आदर वाटला. या वह्यांमुळेच सतराव्या शतकापासूनच्या जवळजवळ प्रत्येक फ्रेंच कॅनेडियन माणसाची वंशावळ जोडता येते. मॉन्ट्रियल विद्यापीठाने १९६६ पासून त्यांचा डेटाबेस बांधला. डेटा साफ करणं किती अवघड गेलं असेल याची कल्पना करा, कारण रूढीने बहुतेक प्रत्येक मुलीच्या नावापुढे ‘मारी’ आणि मुलाच्या नावापुढे ‘जोसेफ’ लागायचं. विशेष म्हणजे, लोकांनी चर्चला जाणं सोडल्यावरही कितीतरी वर्षं ही वही चालू राहिली. सरकारने जन्ममृत्यूच्या नोंदी पूर्णपणे स्वतःकडे घेतल्या त्या थेट १९९४ मध्ये.

वहीत काय येत नाही ते मला आमच्या इमारतीतल्या एका बाईंनी सांगितलं. त्यांना मी मादाम म्हणतो. वय चौऱ्याऐंशी, गाव सागने भागातलं, चौदा भावंडांतल्या नवव्या. लॉकडाऊनमध्ये त्यांचं किराणा मी आणून द्यायचो, त्या बदल्यात माझं फ्रेंच दुरुस्त करायच्या. त्यांच्या आईला तेरावं मूल झाल्यावर डॉक्टरने सांगितलं होतं, आता पुरे. ईस्टरच्या आधी पापांची कबुली द्यायला गेल्यावर फादरने जाळीपलीकडून विचारलं, धाकटं तीन वर्षांचं झालं ना, मग पुढचं कुठे आहे? आईने डॉक्टरचं सांगितलं. फादरने क्षमा नाकारली. ईस्टरच्या मिस्साला सगळं गाव भाकर घ्यायला उठलं आणि त्यांची आई एकटी बाकावर बसून राहिली. सगळ्यांना दिसलं.

पुढच्या वर्षी चौदावं झालं.

इथपर्यंत ऐकून माझी मूठ वळली होती. मादाम मात्र शांतपणे म्हणाल्या, ‘तो माझा धाकटा भाऊ. रोज संध्याकाळी सहाला फोन करतो ना, तोच.’ यावर काय म्हणायचं मला अजूनही सुचलेलं नाही.

अशा कबुलीच्या कहाण्या क्वेबेकमधल्या त्या पिढीत घरोघरी आहेत. त्यामुळे १९६० नंतर जे झालं ते विज्ञान शिकून देवावरचा विश्वास उडाल्याने झालं, असं मला वाटत नाही. १९५९ मध्ये मोरिस ड्युप्लेसी वारले. मधली पाच वर्षं सोडली तर १९३६ पासून तेच प्रांताचे पंतप्रधान होते, आणि विधानसभेत अध्यक्षांच्या आसनावर क्रूस त्यांनीच लावला होता. त्यांच्या काळातली सगळ्यात काळी गोष्ट अनाथालयांची. केंद्राचं अनुदान अनाथालयापेक्षा मनोरुग्णालयाला जास्त मिळायचं, म्हणून हजारो धडधाकट मुलांना कागदोपत्री मतिमंद ठरवलं गेलं. त्यातली बरीचशी अविवाहित आयांची होती. मठांतल्या सिस्टरांनी त्यांना सांभाळलं आणि त्याच भिंतींच्या आत त्यांचे हालही झाले. भरपाई जाहीर व्हायला २००१ उजाडलं. ‘पूर्वी समाज एकमेकांना धरून होता’ असं कुणी म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, कुणाला धरून?

जून १९६० मध्ये जाँ लसाज यांचे लिबरल निवडून आले आणि ज्याला इथे ‘शांत क्रांती’ म्हणतात ती सुरू झाली. इस्पितळाचा विमा आला, वीज सरकारची झाली, १९६४ मध्ये शिक्षण खातं आलं, त्याच वर्षी विवाहित बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय व्यवहार करायचा हक्क मिळाला. फादर आणि सिस्टर जे करत होते ते पगारी सरकारी माणसं करायला लागली. १९६० च्या आधी दहातले आठ कॅथलिक दर रविवारी मिस्साला जायचे. वीस वर्षांत त्या आठातले बरेचसे उरले नाहीत.

आणि यात एक गोष्ट सोशल मीडियावरच्या भांडणात कधी येत नाही. पहिले घण आतूनच पडले होते. १९४९ च्या ॲस्बेस्टॉसच्या संपात मॉन्ट्रियलचे आर्चबिशप जोसेफ शार्बोनो खाणकामगारांच्या बाजूने उभे राहिले आणि वर्षभरात पद सोडून प्रशांत किनाऱ्यावर निघून गेले. १९६० मध्ये शाळांवर आणि भित्र्या धर्मावर कोरडे ओढणारं जे पुस्तक एक लाखाच्या वर खपलं, ते जाँ-पॉल देबियाँ नावाच्या एका धर्मबंधूचं, म्हणजे मठात राहून शिकवणाऱ्या माणसाचं होतं. १९५५ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या लाशीनमध्ये एका श्रद्धाळू जोडप्याने ‘सेरेना’ ही संस्था काढली. तिथे इतर जोडप्यांना शरीराचं तापमान मोजून पाळणा लांबवायचं शिकवलं जायचं, चर्चच्या नियमात राहूनच. म्हणजे गोळी येण्याआधी आणि मिस्सा सोडण्याआधी, रविवारी बाकावर बसणारी माणसंच कागदावर आलेख काढत होती. जुलै १९६८ मध्ये पोपने कृत्रिम संततिनियमनाला ठाम नकार दिला तेव्हा दोन महिन्यांत कॅनडाच्या बिशपांनी विनीपेगमध्ये पत्रक काढून सांगितलं, की प्रामाणिक प्रयत्नांनंतरही ज्यांना हे पाळता येत नाही त्यांनी सदसद्विवेकाने ठरवावं. पण तोवर बायकांनी ठरवून टाकलं होतं. चर्चने त्यांना हाकललं नाही. त्या फक्त पुन्हा त्या जाळीपुढे जाऊन बसल्या नाहीत.

(जाता जाता: कॅनडात गर्भनिरोधकांची विक्री आणि प्रचार १९६९ पर्यंत फौजदारी गुन्हा होता. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ मध्ये. त्यासाठी त्यांना नोकरी सोडावी लागली, ‘समाजस्वास्थ्य’वर खटले झाले, पण केंद्र निघालं. इथल्या मित्रांना हे सांगताना मी जरा कॉलर ताठ करतो.)

आता आकडे. क्वेबेकमध्ये एका बाईला सरासरी होणारी मुलं १९२१ मध्ये पाचाच्या वर होती, १९५० च्या दशकाच्या शेवटी चारच्या आसपास, १९७० च्या सुमारास दोन, आणि १९८७ मध्ये १.४ च्याही खाली. मिस्साचा आलेख आणि हा आलेख एकावर एक ठेवले तर कुणालाही वाटेल, एकाने दुसऱ्याला ओढलं. मलाही वाटलं होतं. मग मी शेजारच्या ऑन्टॅरिओचा आकडा शेजारी लावला. तिथे ना फादरचं राज्य होतं ना शांत क्रांती. तरी १९६० ते १९८० मध्ये तिथला आकडाही निम्म्याच्या खाली आला. गोळी, मुलींचं कॉलेज, दोन पगार, शहरातलं भाडं. हे सगळं दोन्हीकडे होतं. क्वेबेक वरून निघाला आणि जास्त खाली गेला एवढाच फरक.

अजून एक शेजार लावून पाहिला, आपला. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हाच आकडा १.७ आहे. लोकसंख्या टिकायला २.१ लागतो. आणि महाराष्ट्रात देवळं रिकामी झालीत असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? शिर्डीची रांग बघा, आषाढीला पंढरपूर बघा, गल्लीगल्लीतले गणपती बघा. माझी आजी कराडजवळच्या गावात राहते, माळकरी आहे. तिच्या आईला नऊ बाळंतपणं झाली, तिला पाच, माझ्या आईला दोन. तिघींचाही विठ्ठल तोच. देवाला न सोडता पाळणे थांबवता येतात, हे आपण काही गाजावाजा न करता करून दाखवलंय.

मग श्रद्धा गेल्याने क्वेबेकमध्ये नेमकं बदललं काय? माझं उत्तर असं आहे, की मुलांच्या संख्येपेक्षा घराची व्याख्या बदलली. १९६८ पर्यंत इथे चर्चबाहेर लग्नच करता येत नव्हतं, आणि घटस्फोट हवा तर ओटावाच्या संसदेकडे खास अर्ज करावा लागायचा. माणसं चर्चमधून उठली ती रजिस्ट्रारच्या ऑफिसातही गेली नाहीत. आज इथे जन्मणाऱ्या मुलांपैकी साठ टक्क्यांहून जास्त मुलांचे आईबाप लग्न न केलेले असतात. ज्या प्रांतात अविवाहित आईचं मूल वेडा ठरवून कोंडलं जायचं, तिथे आज हे विचारणंसुद्धा असभ्य. माझ्या टीम लीडला तीन मुलं आहेत, सोबतीणीबरोबर चौदा वर्षं संसार आहे, लग्न राहून गेलंय. १९८१ पासून तर कायद्यानेच बाईचं नाव लग्नानंतर बदलत नाही.

दुसरी बदललेली गोष्ट भाषेची. दोनशे वर्षं फ्रेंच टिकली ती पाळण्यांच्या जोरावर. पाळणे थांबले आणि नेमकी त्याच दशकात भाषेची भीती राजकारणात आली. १९७७ चा ‘कायदा १०१’ मी मूळ मराठी माणूस म्हणून दोनदा वाचला. त्याने बाहेरून आलेल्यांच्या मुलांना फ्रेंच शाळा सक्तीची केली. जे काम आधी आया करत होत्या ते आता शाळेने आणि दुसऱ्यांच्या मुलांनी करायचं. उद्या मला मूल झालंच तर ते फ्रेंच कॅनेडियनांच्या भाषेची फौज म्हणून शाळेत जाईल. शिवाय सरकार पाळण्यासाठी पैसेही देऊ लागलं. १९८८ पासून बाळामागे रक्कम मिळायची, तिसऱ्याला ती पुढे आठ हजार डॉलरपर्यंत गेली. ते १९९७ मध्ये बंद करून रोज पाच डॉलरचं पाळणाघर आणलं. आकडा काही काळ १.७ च्या वर गेला, आणि आता पुन्हा १.४ च्या खाली आहे. फादरच्या धमकीने जे झालं ते चेकने झालं नाही. मला हे वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते वेगळ्याचंच. मादाम मिस्साला जात नाहीत, साठ वर्षांत गेल्या नाहीत. पण दर गुरुवारी चर्चच्या तळघरात जातात, तिथे गरजूंना किराणा वाटतात. क्वेबेकमध्ये चर्चचं तळघर ही वेगळीच संस्था आहे. बिंगो, स्काउट, नाटकाच्या तालमी, मयतानंतरचं सँडविच, सगळं तिथे. वरची मिस्सा सुटली तरी खालचा बिंगो सुटला नव्हता. पण वरचं छत गळायला लागलं की खालचंही बंद होतं, कारण छताचा खर्च रविवारच्या ताटातून निघायचा. शहरातली कितीतरी चर्चं विकली गेली. कुणाचं नाट्यगृह झालं, कुणाचं स्पा, कुणाचे फ्लॅट. क्वेबेक सिटीत तर वाचनालयं झाली आहेत आणि ती सुंदर आहेत. पण वाचनालयात कुणी मोठ्याने बोलत नाही.

आणि जी चर्चं अजून उभी आहेत त्यांची तळघरं कोण भाड्याने घेतं? आम्ही. इथल्या मराठी मंडळाचा गणपती गेली काही वर्षं एका कॅथलिक चर्चच्या तळघरात बसतो. वर संत जोसेफ, खाली बाप्पा, मध्ये ‘धूर करू नये’ अशी फ्रेंच पाटी, त्यामुळे आरतीला एकच निरांजन. विधानसभेतला ड्युप्लेसींचा क्रूस २०१९ मध्ये उतरवला गेला. त्याच वर्षीच्या कायद्याने शिक्षिकेला हिजाब आणि शिपायाला पगडी घालून सरकारी नोकरी करायला बंदी झाली. ज्यांना धर्माच्या वहीचा काच झाला त्यांच्या नातवंडांना दुसऱ्याच्या डोक्यावरचं कापडही टोचतं. मादामना हा कायदा पटतो. मला पटत नाही. यावर आमचं एकदा कडाक्याचं भांडण झालं, पुढे आठवडाभर त्यांनी माझ्या क्रियापदांच्या चुका दुरुस्त केल्या नाहीत.

आजी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारते, ‘काय रे, पाळणा कधी हलवताय?’ लग्नाला चार वर्षं झाली. मी चिडतो, बायको हसून नेते. इथे कुणी विचारत नाही. ना शेजारी, ना ऑफिस, ना डॉक्टर. पहिल्या वर्षी या न विचारण्याचं केवढं अप्रूप वाटलं होतं! गेल्या हिवाळ्यात बायको तापाने आठ दिवस झोपून होती, तेव्हाही कुणी विचारलं नाही. मादामनी विचारलं, आणि त्यांच्या त्या चौदाव्या भावाने आमच्या दारातला बर्फ काढला.

मंडळाच्या गणपतीचा नोंदणी फॉर्म मीच बनवतो, इंजिनिअर म्हणून ते काम माझ्याकडे आलं. नाव, प्रौढ किती, मुलं किती, मोदक उकडीचे की तळणीचे. यंदा आमची ओळ भरताना ‘मुलं’च्या रकान्यात कर्सर जरा जास्त वेळ लुकलुकत राहिला. बायको मागे येऊन उभी होती.

‘हे यंदाचंच विचारताहेत ना?’

‘हो.’

‘मग शून्य टाक. आणि प्रौढ चार कर, मादाम आणि त्यांचा भाऊ येतो म्हणालेत.’